अंडी तुही, मांडी माही

"आन् फुटलं तं?" इंदुबाईनं चहा गाळता गाळता विचारलं.

"एक जरी फुटलं तं मी मंडईत पाट्यावर बसून मिरची वाटीन," हेमराज म्हणाला. "नाई फुटलं तं गुणवंतभाऊ वाटतीन."

टपरीवरचे सगळे खो खो हसले. पैजच तशी होती. तीस अंड्यांचा ट्रे, रिकामी पिकअप आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, गावापर्यंतचा सात किलोमीटरचा रस्ता. रस्ता म्हणायचं, एवढंच. खड्डे जोडायला मधेमधे डांबर टाकलं होतं.

"तू भुसा भरशीन खाली," गुणवंतराव म्हणाला. "मी बसतो मागं, गाडीच्या डाल्यात. अंडी तुही, मांडी माही."

हेमराजला हेच पाहिजे होतं. मंडईच्या दिवशी गुणवंतराव तिथल्या नाटकाचा प्रमुख पाहुणा होता. म्हणजे अंगावर पांढरा लेंगा, पांढरा सदरा आणि कडक इस्त्री. मांडीवर अंडी ठेवून हा माणूस स्वतःच जपून बसणार, रडीचा डाव खेळायची सोयच नाही.

"मंजूर," हेमराज म्हणाला आणि चहात खारी बुडवली.

पैज अंड्यांची होती, पण हेमराजच्या पोटातली आग दोन वर्षं जुनी होती.

गुणवंतरावाचं वडशाला गाड्यांच्या सामानाचं दुकान. पिकअपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची थप्पी असते, तिला लाईनीत पाटा म्हणतात. "मालाची गाडी हाय बे, दोन पाटे जास्त टाक, हत्ती बसला तरी दबनार नाई," असं सांगून त्यानं हेमराजच्या गाडीत दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे घुसवले. धानाचे कट्टे भरले की गाडी शहाण्यासारखी चालायची. रिकामी झाली की दगडासारखी आपटायची.

अशाच रिकाम्या गाडीतून हेमराजनं बायकोला, गिरजाला, पोटाचं ऑपरेशन करून घरी आणलं. घर येईपर्यंत तिचे टाके उसवले. तशीच गाडी फिरवून परत दवाखाना, परत नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत गुणवंतरावानं याच टपरीवर पाय पसरून सांगितलं, "हेमराजनं पाट्यावर बायको वाटली."

गाव हसलं. गाडीचं नाव पाटा-वरवंटा पडलं. गिरजा घरी आल्यावर विहिरीवर बाया पदर तोंडाला लावून बाजूला झाल्या. ती त्या दिवसापासून गाडीत बसली नाही. माहेरी सात किलोमीटर पायी जायची, पायीच यायची.

हेमराजनं चंद्रपूर गाठलं. तिथला श्रावण मिस्त्री गाडीखाली आडवा पडून ऐकत होता.

"मले हे लाल शॉकअप पाहिजे," हेमराज म्हणाला. "भारी दिसून राह्यले."

"गाडीखाली पाहाले कोन येते बे? आधी सांग, वाहतं काय?"

"धान. नाटकाचे पडदे, पेट्या."

"आन् मानूस?"

"बायको. बसत नाई आता. तिले बसवाचं हाय."

श्रावण गाडीखालून बाहेर आला, हात पुसले. मग त्यानं एकेक सामान पुढ्यात ठेवलं. जाड स्प्रिंगा बाजूला सारल्या, "हे खदानवाल्याईले." लाल शॉकअप बाजूला सारले, "हे कालेजच्या पोट्ट्याईले." शेवटी साधे नवे शॉकअप आणि दोन रबरी फुगे ठेवले. "जादा पाटे काढून टाक. फुग्यात हवा राह्यते. माल भरला का हवा भर, खाली झाला का सोड. भरली गाडी मानसाले मारत नाई, रिकामीच मारते."

घरी येऊन हेमराज महिनाभर शेजारच्या सीटवर पाण्याचा गडू ठेवून फिरला. गडू भरलेला परत यायचा. गिरजा दारातून बघायची आणि आत जायची.

मंडईच्या सकाळी मात्र अंड्यांचा ट्रे तिनंच भरून दिला. "कोपऱ्यातले चार मी वेगळे ठेवले," ती म्हणाली. "त्या भाऊचा हात कोपऱ्यातच जाईन." बाकी काय ते हेमराजला सांगितलं आणि मंडईला पायी निघून गेली.

इंदुबाई पंच म्हणून पुढे बसली. गुणवंतराव मागे पोत्यावर, मांडीवर ट्रे, बाळंतिणीसारखा. नाल्यावरचा बुटका पूल, रपटा, आला, गाडी डोलली. मोठा खड्डा आला, गाडी बसली आणि उठली. हेमराज आरशात पाहत होता. सदरा पांढराच.

मंडईचे झेंडे दिसले तेव्हा गुणवंतरावानं कोपऱ्यातलं अंडं उचललं, रुमालाखाली घेतलं, हात डाल्याबाहेर धरला आणि अंगठा दाबला. काही गळलं नाही. पुन्हा दाबला. त्याचं तोंड असं झालं की हेमराजनं ओठ चावून हसू गिळलं.

गाडी मंडईत थांबली. लोक जमले. "हे पाहा, फुटलं," गुणवंतराव उभा राहून म्हणाला.

इंदुबाईनं अंडं घेतलं, सोललं. आत उकडलेलं पांढरं, आणि त्यात अंगठ्याएवढा खळगा.

"भाऊ, रस्त्यावरचे खड्डे मी पाह्यले," ती म्हणाली. "हा खड्डा कोनं खोदला?"

"बेइमानी हाय! उकडून आनले यानं!"

इंदुबाईनं मधलं अंडं वाटीत फोडलं. पिवळाधमक बलक. मग एकेक अंडं उन्हात धरून पाहिलं. "चार कोपरे उकडले, सव्वीस कच्चे. कच्च्याले तडा नाई. उकडलेलं एक फुटलं, तेही तुमच्या हातात."

पाटा कुणी आणला ते हेमराजलाही कळलं नाही. मिरच्या, लसूण, मीठ आलं. प्रमुख पाहुणा मांडी घालून जमिनीवर बसला आणि वरवंटा ओढू लागला. डोळ्यांतून पाणी, सदऱ्यावर हिरवे शिंतोडे. मंडई गोळा होऊन बघत होती.

गर्दीतून गिरजा पुढे आली. वाकून बोटावर चटणी घेतली, चाखली.

"जाडीभरडी हाय," ती म्हणाली. "अजून वाटा, भाऊ."

गुणवंतरावानं मान खाली घातली आणि वरवंटा पुन्हा ओढला. गिरजा गाडीकडे गेली. पुढचं दार उघडून सीटवर बसली, पाय बाहेर सोडले, पदर नीट केला. चटणी बारीक होईपर्यंत ती तिथंच बसून बघत राहिली.