ओंजळभर कोंड्याचा युवराज

मी चांदीचा वाळा बोलतोय, आणि गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. छत्तीस वर्षं मी चाकणजवळच्या एका घरात, कांद्याच्या वखारीत, वाशाला चिंधीत बांधून लटकतोय. राजपुत्राच्या पायासाठी घडवलेल्या दागिन्याला कांद्याचा वास मारतो. मग त्याने गोड का बोलावं?

आम्ही दोघे जोडीचे. शिरसगड संस्थानच्या सोनाराने आम्हाला घडवलं ते सुभद्राबाई राणीसाहेबांच्या चौथ्या बाळासाठी. आधीची तिन्ही गेली होती. हे तरी वाचावं म्हणून रीत करायचं ठरलं. बाळ सुपात घालायचं. एखाद्या कामकरी बाईने ओंजळभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं, पुढच्या दाराने बाहेर पडायचं आणि वळसा घालून मागल्या दाराशी यायचं. तिथे आईने तिचा कोंडा परत करायचा आणि पोर पदरात घ्यायचं. मग मरण त्याला दुसऱ्याचं समजून सोडून देतं म्हणे.

विकत घ्यायला वाड्याच्या बांधकामावरची ठकुबाई आणली. तिला मूलबाळ नव्हतं. तिने कोंडा दिला, सूप उचललं, पुढच्या दाराने निघाली आणि मागल्या दाराशी आलीच नाही. राणीसाहेब कोंडा ओच्यात घेऊन उभ्याच राहिल्या. गडबडीत माझा जोडीदार उंबऱ्यापाशी गळून पडला, मी तेवढा बाळाच्या पायात राहिलो. पुढे शोधाशोध खूप झाली. पण मजुरणीचं नावगाव विचारून ठेवावं असं त्या थोरामोठ्यांना वाटलंच नव्हतं. ‘चाकणकडची कुणी’ एवढंच काय ते ठाऊक.

ठकुबाई नवऱ्याबरोबर गावी परतली. बाहेरगावीच बाळंत झाले, हे माझं पहिलंच, असं तिने साऱ्यांना सांगितलं. शेळीच्या दुधावर पोर वाढवलं. नाव मात्र कोंडीराम ठेवलं. कोंड्यावर घेतलेल्या पोराला दुसरं नाव दिलं तर ते हातचं जातं, ही तिची धास्ती. तिथेच बाई चुकली.

संस्थानं गेली. एकट्या पडलेल्या राणीसाहेबांनी छप्पन साली यशवंतराव नावाच्या निवृत्त फौजदाराला कामाला लावलं. आठवडाभर ते चाकणच्या कांद्याच्या बाजारात बसून, बाळ गेलं त्या साली जन्मलेल्या पोरांची चौकशी करत होते. एका दुपारी ते आमच्या ओसरीवर येऊन टेकले.

“किती मुलं झाली तुम्हाला, बाई?”

“ह्यो येकच. कोंडीराम.”

“याच्या आधीचं एखादं गेलं?”

“न्हाई. ह्यो पैलाच.”

यशवंतराव हसले. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. “आधीची गेल्याशिवाय पोर कोंड्यावर कोण घेतं, बाई? पहिल्याचं नाव कोंडीराम कोण ठेवतं?”

ठकुबाईचा चेहरा पांढराफटक पडला. यशवंतरावांनी सगळं घर उलथंपालथं केलं, वखारीतून मला काढलं आणि खिशातला माझा जोडीदार माझ्याशेजारी ठेवला. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं.

तेवढ्यात पिंपरीच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून कोंडीराम सायकलवरून आला. यशवंतरावांनी त्याला सारी हकीकत ऐकवली.

“चोर आहे ही बाई! तुरुंगात घालीन हिला!”

“चोरी कसली? म्या कोंडा दिलाय,” ठकुबाई कडाडली. “इकत घेतलाय. राणीला पोर पायजे तर तिनं सोता यावं, मागल्या दारानं, माझा कोंडा घिऊन. तवा दीन.”

कोंडीराम आईकडे वळला. “आय, खरं हाय ह्ये?”

“व्हय.”

“मग आय म्हन्ती तसं करा, फौजदारसायेब. आन् तिला पुन्यांदा चोर म्हनलात तर हितनं धड जानार न्हाई.”

यशवंतरावांनी दातओठ खात माझा जोडीदार खिशात टाकला. मलाही उचलणार, तोच कोंडीरामने मला मुठीत आवळलं. आमची भेट एवढीच.

पंधरा दिवसांनी मोटार आली. राणीसाहेब आत नव्हत्या. ड्रायव्हरने कोंड्याचं पोतं उतरवून पुढल्या दारात ठेवलं. ओंजळीच्या बदल्यात पोतं! कोंडीरामने ते उचललं, म्हशीपुढे रिकामं केलं आणि दुसऱ्या पाळीला निघून गेला. त्या दिवशी मला तो पहिल्यांदा राजाचा मुलगा वाटला.

मी पुन्हा वाशाला टांगलेला आहे. मला साऱ्यांचाच राग येतो. ठकुबाईचा, यशवंतरावांचा, आणि सगळ्यात जास्त राणीसाहेबांचा. शिरसगडकडे जाणारं कुणी असेल तर त्यांना माझा निरोप सांगा. पोतं नको, मोटार नको. ओंजळभर कोंडा घेऊन स्वतः या, आणि लवकर या. ठकुबाई अजून तुमच्या नावाने बोटं मोडते. पण ती मोटार रिकामी परतली, त्या दिवसापासून ती मागल्या दाराला कडी लावत नाही.