दोघांचं काम, तिघांची पाळी

धाटावच्या त्या केमिकल कंपनीत सखा कधीच वेळेवर यायचा नाही. खांब गावाहून मोटारसायकलवर निघायचा, वाटेत कुणाशीतरी गप्पा मारायचा आणि पुंडलिक इकडे रिॲक्टरपाशी अडकून पडायचा. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय रिॲक्टर सोडून जायचं नाही, हा नियम. पुंडलिक शिव्या घालायचा, पण ओव्हरटाइम सोडायचा नाही. बायको, पुतळी, गेल्यापासून तर त्याला तो हवाच असायचा. पेणच्या घरी जेवढं उशिरा पोचावं तेवढं बरं.

मग ओव्हरटाइम बंद झाला. गोदामातला माल उठत नव्हता. आणि एक दिवस सखा पाळीच्या बराच आधी येऊन उभा राहिला.

"काय रे, घरनं हाकलला काय?" पुंडलिकनं विचारलं.

"नाय रे पुंडल्या. म्हटलं, जरा लवकर जावं."

सखाचं हसू काही खरं नव्हतं. पुंडलिकची आधीची कंपनी बंद पडली तेव्हाही असंच झालं होतं. पहिल्यांदा ओव्हरटाइम गेला, मग माणसं वेळेआधी यायला लागली, मग गेटवर नोटीस लागली.

त्या दिवशी पाळी सुटली तरी तो घरी गेला नाही. झाडू घेऊन फरशी झाडत बसला. साहेबाला दिसलं तर बरं, एवढंच मनात. दुसऱ्या दिवशी सखाही थांबला. रात्रपाळीचा रितेश, तिघांत लहान, घरी तान्हं पोर. तोही सकाळ झाली तरी हलेना. नुसतं एकमेकांकडे बघायचे आणि परत कामाला लागायचे. फुकटचं काम, पण कुणाला आधी निघायचं धाडस होईना.

आठवडाभरानं मॅनेजर अनयसाहेबांनी पुंडलिकला केबिनमध्ये बोलावलं.

"काका, बसा. ऑर्डर निम्म्यावर आल्यात. आता रिॲक्टर आठवड्यात चारच दिवस चालेल."

"व्हय साहेब."

"मी बघतोय, तुम्ही लोक बारा-बारा तास थांबताय. म्हणजे दोघांत भागतंय. तुम्ही जुने, तुम्ही राहाच. सखा का रितेश, तुम्ही सांगा. कोण बरा?"

आपण झाडू मारत बसलो, त्याचा हा अर्थ निघाला. नोकरी वाचवायला थांबलो आणि एकाची जागा उडवली. एक नाव घेतलं की सुटला असता तो. पूर्ण आठवड्याचे तास, पूर्ण पगार. नाव जिभेवर आलंही.

"बारा तास कुणाला झेपत नाय साहेब," तो म्हणाला. "ते भीतीनं झालं. आग लागली, गॅस सुटला, तर झोपेतला माणूस काय करल? तिघं येऊ. आठ-आठ तास. चार दिवस."

"म्हणजे पगार तिघांचा कापणार. त्यांना चालेल?"

"चालंल," पुंडलिक म्हणाला. त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

"महिनाअखेरपर्यंत बघू. पुढचं माझ्या हातात नाही."

बाहेर दोघं वाटच बघत होते. पुंडलिकनं सगळं सांगितलं. रितेश तडकलाच.

"मला न विचारता? तुमचं काय दादा, एकटा जीव! माझ्या घरी पोरगं हाय!"

"त्याला नाव सांगायला सांगितलं होतं रं," सखा म्हणाला. "तुझं नायतर माझं." मग पुंडलिककडे वळला. "पण चाराचे तीन केले तर?"

"तर तीन दिवस येऊ."

"आन् दोन केले तर?"

पुंडलिकनं कोपऱ्यातला झाडू उचलून जागेवर ठेवला.

रितेशनं बायकोला फोन लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. "ऐक गो. शुक्रवारपासून तीन दिवस मी घरीच हाय... नाय, काय नाय झालं. सुट्टी हाय, सुट्टी."

पेणच्या घरी हे सांगायला कुणीच नव्हतं. ते तीन दिवस त्या घरात कसे काढायचे, याची भीती पुंडलिकला आत्ता वाटायला लागली.