खुर्चीवरचं कापड

हेस्टर ऑस्ट्रेलियातल्या क्लॅरेन्स नदीच्या काठी डॉक्टरांच्या घरच्या चादरी पिळत होती, तेवढ्यात पेगमावशी शेजारी येऊन बसली. फोटोवाल्या फेरिससाहेबाने हेस्टरच्या पाच वर्षांच्या ॲडाचा फोटो फुकट काढून देतो, असा निरोप धाडला होता.

"जाऊ नकोस ग," मावशी म्हणाली.

"का? तुझ्या फ्लोराचा काढलाच होता की."

मावशीचा चेहरा उतरला. "गेलीसच, तर पोरीला घट्ट धरू नकोस." एवढंच बोलून ती उठून गेली.

गेल्या वर्षी फोटो निघाल्यावर महिनाभरात फ्लोराला हवालदाराने सिडनीच्या बोटीत बसवलं होतं, कुणाच्या तरी घरी भांडी घासायला. आईनेच पोर टाकली, असं गोरे लोक सांगत. स्टुडिओच्या खिडकीत तिचा फोटो अजून होता. पायांत बूट, आणि कापडाने झाकलेल्या खुर्चीला टेकलेली एकटी पोर. त्या खिडकीपाशी हेस्टरचा पाय अडखळला. पण साहेबाला नाही म्हणायची आम्हा काळ्या लोकांची छाती कुठली?

आत मिसेस फेरिसने बुटांत कागदाचे बोळे कोंबून ते ॲडाच्या पायांत चढवले. हेस्टरने बूट ओळखले.

"बाई, हे तर फ्लोराचे."

"स्टुडिओचे ग. सगळ्या पोरींना हेच घालतो."

"पोरगी चुळबुळ करते," साहेब कुरकुरला. "तू खुर्चीत बस, तिला मांडीवर धर. तुझ्यावर कापड टाकू, म्हणजे तू दिसायची नाहीस."

"मी दिसले तर काय बिघडलं साहेब?"

"फोटो तुझा आहे का?"

बाईने कापड टाकलं. आत काळोख आणि धुळीचा वास. बाहेर ती दोघं बोलू लागली, जणू खाली खरंच नुसती खुर्ची होती.

"फोटोखाली काय लिहू?" बाईने विचारलं.

"नेहमीचंच. अनाथ, वय पाच. पोरी कामाला ठेवणाऱ्या सिडनीच्या मंडळाच्या बायका आईवाली पोर घेत नाहीत. गुरुवारच्या बोटीने फोटो जाऊ दे. पसंत पडली की हवालदार येईल न्यायला."

पळावं तर हवालदार, ओरडावं तरी हवालदारच.

"आई, आहेस ना?" ॲडा कुजबुजली.

"आहे ग. हलू नकोस."

साहेबाने कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि घड्याळावर डोळे लावून तो वीसपर्यंत मोजू लागला. "एक..."

हेस्टरने कापड डोक्यावरून भिरकावलं आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघत बसली. तिने मान तसूभर हलू दिली नाही. मिसेस फेरिस समोरच उभी होती. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"वीस!" साहेबाने वर पाहिलं आणि त्याचा तोल सुटला. "फोड ती फोटोची काच!"

बाईने कॅमेऱ्यातली काच काढली, फोटो धुवायच्या काळोख्या खोलीत शिरून आतून कडी घातली.

"नाही फोडणार," ती आतून म्हणाली. "हीच जाईल गुरुवारी. खाली आईचंही नाव लिहीन मी. आजवर ते कापड मीच टाकत आले."

साहेब दार बडवत होता. हेस्टरने बूट तिथेच काढून टाकले आणि ॲडाला कडेवर घेऊन बाहेर पडली. हवालदार अजूनही येऊ शकत होता, हे तिला ठाऊक होतं.

खिडकीपाशी ती थांबली. या वेळी तिने फ्लोराकडे नाही, खुर्चीकडे पाहिलं. कापडाचा वरचा भाग डोक्यासारखा गोल होता. वर्षभर सगळं गाव या खिडकीवरून जात होतं. फ्लोराच्या कमरेपाशी, कापडाच्या चुणीतून, चार काळी बोटं बाहेर आली होती. त्यांनी पोरीला घट्ट धरलं होतं.