उतारावरचा खांब

अंबिकाच्या तीनचाकी सायकलचं पुढचं चाक फूटपाथच्या उतारावर चढलं आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी अडकली. एका बाजूला नवा लोखंडी खांब, दुसऱ्या बाजूला उताराची सिमेंटची कड. तिनं हाताचं पायडल जोर लावून फिरवलं, तशी चाकं आणखीच घट्ट रुतून बसली. आता सायकल पुढं जाईना, मागंही येईना. आणि तिची पाठ हायवेकडं होती.

नांदेडकडून येणाऱ्या एका टँकरनं लांबूनच हॉर्न दाबला.

वर फूटपाथवर सीताफळांच्या टोपलीमागं बसलेली पंचफुलाबाई धडपडत उठली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला. डाव्या हातानं तिनं सायकलचा दांडा धरून ओढला. दांडा नुसताच थरथरला. टँकर अगदी जवळून गेला. त्याच्या वाऱ्यानं अंबिकाची ओढणी उडून चाकापाशी आली. ती तिनं झटक्यात ओढून मांडीखाली दाबली. तिचे डोळे खांबावर होते. काल ती दुकान बंद करून गेली तेव्हा हा खांब इथं नव्हता.

"हनुमंतराव! ओ हनुमंतराव!" पंचफुलाबाई ओरडली. "पळा की, पोरगी अडकलीय!"

हनुमंत रस्त्याच्या कामावरचा सुपरवायझर. तो पलीकडं मजुरांशी बोलत उभा होता. त्यानं एकाच्या हातातलं लाल फडकं हिसकावलं आणि ते वर धरत गाड्यांच्या मधून धावत आला. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरला त्यानं जागच्या जागी थांबवलं. मागोमाग आलेल्या दोन मजुरांनी अंबिकासकट सायकल उचलली, मागं घेतली आणि रस्त्याच्या कडेला टेकवली.

ट्रॅक्टर निघून गेला. हनुमंत फडकं घेऊन सायकलच्या मागं उभाच राहिला.

"हे कुणी लावलं?" अंबिकानं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

हनुमंतानं एकदा वर पंचफुलाबाईकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

हायवे भोकर गावातून रुंद झाला, तेव्हा नालीवर गुडघाभर उंच फूटपाथ झाला होता. अंबिकाचं पिको-फॉलचं दुकान त्या फूटपाथच्या आत. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. सायकल खाली रस्त्यावर सोडून, तळहात टेकवत, अंग ओढत ती वर चढायची, आणि पंचफुलाबाई रोज ते पाहायची. पाहवत नाही म्हणून टोपलीतली फळं उगाच इकडची तिकडं करायची. अंबिका ऑफिसांचे उंबरे झिजवत राहिली, तेव्हा कुठं हा उतार झाला.

पण उतार झाला आणि मोटारसायकलींनाही वाट सापडली. चौकात गर्दी तुंबली की पोरं इथून वर चढायची आणि फूटपाथवरून सुसाट पलीकडं निघायची. अशाच एका गाडीनं गेल्या आठवड्यात पंचफुलाबाईला मागून उडवलं. सीताफळांचा चेंदामेंदा झाला, मनगट मोडलं. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. तिच्या लेकानं, सुदामानं, चार लोक गोळा करून हनुमंताच्या शेडसमोर आरडाओरडा केला होता. तिला प्लास्टरसकट सगळ्यांच्या पुढं उभं केलं होतं. खांब लावा, नाहीतर उतार फोडून टाकतो, असं तो म्हणाला होता.

काल संध्याकाळी खांब उभा राहिला. आज सकाळी पंचफुलाबाई कितीतरी दिवसांनी मागं वळून न पाहता बसली होती.

"मी लावायला सांगितलं," ती म्हणाली.

अंबिकानं वर पाहिलं.

"तुमी?"

"हाव. मीच." पंचफुलाबाईनं पट्टीतला हात थोडा पुढं केला, जणू तो पुरावा होता. "मागून गाडी आली की माझा जीव जातो गं. रातीला झोपेत बी आवाज येतो."

"हात मोडला ते मला ठाऊक हाय मावशी. दवाखान्यात मीच तर बसले होते तुमच्यापाशी."

"मंग?"

"मंग मी कुठून चढू, ते सांगा."

पंचफुलाबाईनं हनुमंताकडं पाहिलं. तो घाम पुसत म्हणाला, "पुढं स्टँडपाशी दुसरा उतार हाय. तिथून..."

"स्टँडपर्यंत ह्या गाड्यांतून जाऊ? उलटं?" अंबिका म्हणाली. "आन् आज जाईन. रोज?"

"मग मी करू तरी काय?" हनुमंत वैतागला. "खांब न्हाई लावला तर ह्यांचा लेक उतार फोडतो. लावला तर तुमी अडकता. दोघी मिळून ठरवा आन् मला सांगा."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही. शेजारच्या दुकानांतले लोक पायऱ्यांवर येऊन उभे होते. कुणीतरी म्हणालं, म्हातारीचा जीव महत्त्वाचा. दुसरं कुणी म्हणालं, ती पोरगी काय मग रस्त्यावर मरू दे? पंचफुलाबाईला सगळं ऐकू येत होतं. तिनं टोपलीतलं एक सीताफळ उचललं, पुन्हा तिथंच ठेवलं. खांब राहू दे म्हणायला तोंड उघडवत नव्हतं आणि काढा म्हणायला छाती होत नव्हती.

तेवढ्यात खालून मोटारसायकलचा आवाज आला. तिचे खांदे आपोआप आखडले, प्लास्टरचा हात छातीशी गेला.

गाडीनं अंबिकाच्या सायकलला वळसा घातला. उतारापाशी वेग जरा कमी झाला, हँडल तिरकं झालं, आणि खांबाच्या बाजूनं गाडी सहज वर आली. चालवणाऱ्यानं पाय टेकवण्याचीही तसदी घेतली नाही. टोपलीला लागता लागता ती थांबली. मागं फळांचं क्रेट बांधलेलं होतं.

"माय, हे घे. बागवानानं लई चांगला माल दिला आज," सुदाम म्हणाला. मग त्याचं लक्ष लोकांकडं गेलं. "काय झालं?"

दुकानदार त्याच्या गाडीकडं पाहत होते. हनुमंत खांबाकडं पाहत होता. अंबिका खाली रस्त्याच्या कडेला होती तिथंच होती.

पंचफुलाबाईचा हात अजून छातीशीच होता. तो खाली यायला वेळ लागला.

"उतर," ती म्हणाली.

"अगं, क्रेट तर..."

"उतर सुदामा."

तो उतरला. तिनं टोपलीपाशी थांबलेल्या गाडीच्या चाकाकडं बोट केलं, मग खांबाकडं, मग खाली अंबिकाच्या सायकलकडं. एवढंच. सुदामानं तिन्हीकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले. त्यानं क्रेट सोडून खाली ठेवलं. मग गाडी चालू न करता, हातानं ढकलत, खांबाच्या बाजूनं ती परत रस्त्यावर नेली आणि नालीच्या कडेला लावली.

"हनुमंतराव," पंचफुलाबाई म्हणाली, "सिमेंट ओलं असंल ना अजून?"

हनुमंतानं खांबाच्या बुडाशी गुंडाळलेलं भिजलेलं पोतं बाजूला केलं. नखानं खरवडून पाहिलं. "पुरतं धरलं न्हाई."

"मग काढा. धरायच्या आत काढा."

"आन् तुझं?" सुदामानं विचारलं.

तिनं डाव्या हातानं टोपली जरा मागं ओढली.

मजुरानं पहार आणली. सुदामानं ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः बुडाशी घातली. खांब एका बाजूला कलला, मग दुसऱ्या. शेवटी त्यानं आणि मजुरानं मिळून तो उपटून काढला. राहिलेला खड्डा हनुमंतानं गिलाव्यानं भरला, वर फळी ठेवली. सुदामाचे दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटले होते.

अंबिकानं पायडल फिरवलं. सायकल फळीवरून खडखडत वर आली. टोपलीपाशी येऊन ती थांबली.

"मावशी, माझ्या दुकानाच्या भिंतीला टेकून बसा," अंबिका म्हणाली. "पाठीमागून तरी कुणी येणार न्हाई."

"गिऱ्हाईक तिथवर येत न्हाई गं," पंचफुलाबाई म्हणाली आणि तिथंच, आपल्या जागेवर, खाली बसली.

चौकात गर्दी तुंबली होती. रांगेतून एक मोटारसायकल बाहेर पडली आणि उताराकडं वळली. पंचफुलाबाईचे खांदे पुन्हा वर चढले.

सुदाम दोन पावलं पुढं गेला आणि उताराच्या मधोमध उभा राहिला.

"खालनं घे," तो म्हणाला.

गाडीवाल्यानं ब्रेक दाबला. तो गावातलाच, ओळखीचा होता. त्यानं आधी सुदामाच्या सिमेंटनं भरलेल्या हातांकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं.

"बाजूला हो बे. कालपर्यंत तू बी हितूनच जाऊन राहिला होतास की."

सुदाम जागचा हलला नाही.