पेंग्विनच्या पानावर शालन

माणसाला अग्नी सापडल्यापासून एवढं धाडसाचं पाऊल कुणी टाकलं नसेल: रविवारी दुपारी चार वाजता मी आणि माझी बायको शालन इंटरनेटमध्ये शिरलो. शिरण्याआधी चपला बाहेर काढल्या, कारण पहिल्या पानाला उंबरठा होता.

वाचनालयातला तो वर्ग पन्नाशीपुढच्या नवशिक्यांसाठी होता. शिकवणाऱ्या प्रणोती मॅडम पंचविशीच्या. त्या पडद्याच्या काचेपलीकडून वाकून आमच्याकडे बघत होत्या. आतून त्यांचं नाक कपाटाएवढं दिसत होतं.

"काका, निळी, खाली रेघ ओढलेली अक्षरं म्हणजे दारं," त्या म्हणाल्या. "ढकलायची. सहाला मी खिडकी बंद करते. आत राहिलेल्या माणसांची जबाबदारी वाचनालयाची नाही."

शालनला पेंग्विन बघायचे होते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण हे मला त्या दिवशी कळलं. तिने पहिलं निळं अक्षर खांद्याने ढकललं आणि मागे न बघता आत गेली. माझ्या छातीत धडधडत होतं. असं शेवटचं कधी धडधडलं होतं ते आठवेना.

प्रत्येक दारामागे नवी खोली उघडायची. जुन्या खोल्या जात नव्हत्या, नुसत्या शेजारी सरकायच्या, आणि मग सगळ्याच थोड्या अरुंद व्हायच्या. पहिल्या खोलीत आम्ही हात पसरून चाललो होतो. नवव्या खोलीत एकामागे एक. चौदाव्या खोलीत एक सुटाबुटातला गृहस्थ आडवा आला.

"अभिनंदन. आपण आमचे दहा लाखावे पाहुणे."

"आम्ही तुम्हाला ओळखत नाही," शालन म्हणाली.

"काका, त्यांच्या उजव्या कानामागे फुली असेल. ती दाबा," बाहेरून मॅडम म्हणाल्या.

दाबली. गृहस्थ वाक्याच्या मध्यावरच नाहीसा झाला.

"काकू, टॅब फार झाले हो, खोल्या मावेनात," बाहेरून मॅडम म्हणाल्या.

"असू दे गं. येतंय जवळ."

सत्ताविसावी खोली बर्फाची होती. रुंदी दोन वीत, लांबी दिसेल तिथपर्यंत. भिंतीला टेकून पेंग्विन उभे होते आणि लग्नात वरपक्षाकडे बघावं तसे आमच्याकडे बघत होते. शालन हसली, मग तिने एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला.

"अहो, पाय गारठले. तेवढ्या माझ्या चपला आणता?"

साडेपाच झाले होते. मी मागे जायचा बाण शोधला. तो करडा पडला होता आणि दाबला जात नव्हता.

"नव्या टॅबमध्ये मागे काही नसतंच, काका," मॅडम म्हणाल्या. "वरून चालत जा."

मी खोल्यांच्या माथ्यावरून, कडेकडेने पहिल्या पानापर्यंत गेलो. तिच्या चपला घेतल्या. माझ्या तिथेच राहू दिल्या, दोन जोड हातात धरून चालता येईना. परत आलो तेव्हा शालन जागेवर नव्हती. पान खाली लांबलं होतं आणि ती बरीच खाली, बर्फावरून भराभर चालत होती.

"अगं, सहा वाजतायत. वर ये."

"एवढं संपलं की येते. थोडंच राहिलंय."

ती तळाशी पोचली की तळ आणखी खाली जायचा आणि नवे पेंग्विन उगवायचे. तिने दर वेळी टाळी वाजवली. मी आत उतरायला गेलो, पण पान लांबलं तशी खोली आणखी अरुंद झाली होती, माझा खांदासुद्धा मावला नाही.

"काका, एक मिनिट राहिलं. बाहेर या."

"शालन आत आहे."

"काळजी करू नका. मी पानाला खूण करून ठेवते. पुढच्या वेळी उघडलं की काकू तिथेच असतील." त्यांनी कोपऱ्यातली चांदणी दाबली. चांदणी निळी झाली. खाली खूप दूर शालनने वळून हात केला, मला किंवा पेंग्विनला.

मी बाहेर आलो. मॅडमनी खिडकी बंद केली, मग दिवे, मग पंखा. शालनच्या चपला माझ्या हातात होत्या, त्यांना थोडा बर्फ लागला होता.

"उद्या किती वाजता उघडता?" मी विचारलं.

"उद्या सोमवार," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी सुट्टी असते."