रिकाम्या जागेतला तारा

माझं काम ऐकलं की लोक आधी हसतात. मी आकाशातल्या रिकाम्या जागा निवडते. हो, पगार घेऊन! ऑफिसात मला रिकामटेकडी म्हणतात आणि हे नाव ठेवणारी बाई दुसरीतिसरी कुणी नसून माझी सख्खी नणंद आहे. वन्सं आमच्या पाहणीच्या प्रमुख. घरी नणंद, ऑफिसात साहेब, म्हणजे मला पळायला वाटच नाही. आमचे हे म्हणतात, "तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडत नाही." आणि खरंच पडत नाहीत, लबाड कुठले.

पाहणी कसली, तर आपल्या दीर्घिकेच्या आपल्या बाजूला जे तरुण तारे आहेत त्यांची. कोण कधी जन्मलं, कुणाबरोबर जन्मलं, याची खानेसुमारीच म्हणा ना. परातीएवढ्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला ताऱ्यांच्या जागी भोकं पाडायची, प्रत्येक भोकात काचेची बारीक तार हातानं बसवायची आणि पत्रा दुर्बिणीला लावायचा. एका तारेतून एका ताऱ्याचा उजेड येतो. काही भोकं मात्र मुद्दाम काहीच नसलेल्या जागी असतात. कारण आकाश कधी पुरतं काळं नसतं. त्याचा स्वतःचा मंद उजेड असतो आणि तो मोजून प्रत्येक ताऱ्यातून वजा करावा लागतो. ती काहीच नसलेली जागा शोधणारी मी. वाटतं तितकं सोपं नाही ते, करून बघा एकदा.

वन्संचा सगळा जीव एका कुटुंबात अडकलेला. मंद, लालसर, दूरदूर विखुरलेले तारे, पण सगळ्यांची चाल एकच. ही एकाच ढगातून जन्मलेली भावंडं आहेत, असं त्या किती वर्षं ओरडून सांगत होत्या. लोक म्हणायचे, योगायोग. भांडण मिटवायचं तर लिथियम बघायचं. तरुण ताऱ्यात ते असतं, वय वाढलं की जळून जातं. वर्णपटात त्याची काळी रेघ खोल दिसली, तर तारा तरुण. पहिल्या पत्र्यावरच्या भावंडांत ती रेघ दिसली तेव्हा वन्संनी अख्ख्या ऑफिसला चहा पाजला, मलासुद्धा! उरलेली भावंडं दुसऱ्या पत्र्यावर होती आणि दुर्बिणीवर आमची एकाच रात्रीची पाळी शिल्लक होती. त्यानंतर आकाशाचा तो भाग सूर्याआड जाणार आणि परत दिसेपर्यंत वन्सं निवृत्त होणार. हातात एवढाच काय तो वेळ.

दुर्बिणीवरच्या पाळीच्या दिवशी सकाळी मी सहज पहिल्या पत्र्यावरच्या माझ्या रिकाम्या जागा तपासत बसले होते. सगळ्यांचा उजेड सारखा हवा. एकीचा जास्त. आधी तारेवर संशय घेतला, पण तीच तार पाहणीच्या इतर पत्र्यांवर अगदी सुतासारखी सरळ. मग यंत्रावर घेतला. मग स्वतःवर, पण तो फार वेळ नाही. जुने फोटो काढले तर तिथे धुळीचा काळा ढग आणि बाकी शून्य. म्हणून तर निवडली होती ती जागा! हा पत्रा आम्ही तीनदा लावला होता. तिन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवले. आधी जरासा, मग त्याहून जास्त, मग चांगलाच. माझी रिकामी जागा उजळत चालली होती. आणि वर्णपटात हायड्रोजनची ठळक तांबडी रेघ, भोवतीचा वायू अजून गिळत असलेल्या, अगदी नवजात ताऱ्याची असते तशी.

"अगंबाई!" मी एकटीच ओरडले. इतका आनंद झाला मला की उठून खोलीत एक चक्कर मारली. दुसरी चक्कर मारताना मध्येच थबकले. कारण याच जागेचा उजेड आम्ही शेजारच्या ताऱ्यांतून वजा केला होता. वाजवीपेक्षा जास्त वजा झालं की लिथियमची रेघ आहे त्याहून खोल वाटते आणि तारा आहे त्याहून तरुण. वन्संची निदान काही भावंडं माझ्या या जागेच्या कृपेनं तरुण ठरली होती.

गेले त्यांच्या खोलीत. सांगून टाकलं सगळं, एका दमात.

"तुला काहीच नसलेली जागासुद्धा धड शोधता येत नाही?" वन्सं कडाडल्या.

"तिथे काहीच नव्हतं, वन्सं! नंतर आलं!"

"नंतर आलं म्हणे! पाहुणा आहे का तो?"

ती जागा वगळून आम्ही दोघींनी हिशेब पुन्हा केला. काही भावंडं टिकली, काही गळली. टिकलेल्या तेवढ्यांवर दावा उभा राहिला नसता, म्हणजे दुसरा पत्रा आता हवाच हवा. मी मान खाली घालून निघाले.

"थांब," त्या म्हणाल्या. "दाखव तो."

मी तांबडी रेघ पडद्यावर काढली. वन्संनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, परत बघितलं. राग कुठल्या कुठे गेला होता. चेहरा असा, जसं कुणी दुपट्यात गुंडाळलेलं मूल समोर धरलंय.

"किती दिवस राहील असा?"

"काय सांगावं? काही वर्षानुवर्षं पेटलेले राहतात, काही दोन-चार महिन्यांत परत धुळीत गुडूप."

आज रात्री कुणी त्याला बघेल का म्हणून दुसऱ्या दुर्बिणींना फोन लावले. एकीकडे ढग, एकीकडे दुरुस्ती, तिसरीकडे कुणी उचलेचना. वन्संनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "आज पहिलाच पत्रा लावायचा. पण माझ्या ताऱ्यांना पुरतं तेवढ्यात थांबायचं नाही. पूर्ण पाळी त्याच्यावर, फार मंद आहे तो."

"वन्सं, वेड लागलंय का तुम्हाला?" मी साहेबाला असं म्हणाले, हो. "आणि दुसरा पत्रा? तुमचं कुटुंब? आयुष्य घातलंत त्यात!"

"ते तारे कुठे पळून जातायत का? मी नसले तर दुसरं कुणीतरी बघेल. हा मात्र आज दिसतोय."

"पण नाव दुसऱ्याचं लागेल!"

"लागू दे की. भावंडं असतील तर राहतीलच भावंडं, माझं नाव लागो न लागो. चल, काचेच्या तारा बसवायला घे, दुपार होत आली."

मला इतका राग आला होता, इतका, की पहिल्या चार तारा वाकड्या बसल्या. वन्संनी त्या काढून सरळ केल्या.

तो तारा आम्हाला छान मिळाला. सहा महिन्यांनी आकाशाचा तो भाग परत दिसू लागला तेव्हा दुनियेभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या, पण बाळ धुळीत दडी मारून बसलं होतं. त्याच्या उजेडाचा वर्णपट फक्त आमच्याकडे आहे.

पुढच्या वर्षी वन्संच्या कुटुंबावरचा लेख आला. दुसऱ्या गटाचा, दुसऱ्यांच्या नावावर. कुटुंब खरं होतं. मीच तो छापून वन्संच्या घरी घेऊन गेले. जाताना यांनाही ओढून नेलं, एकटीनं द्यायची माझी छाती नव्हती. वन्संनी उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली, मग खाली बसल्या आणि चष्मा काढून रडायलाच लागल्या. मला भडभडून आलं. म्हटलं, "वन्सं, सांगत होते ना मी तुम्हाला. हे तुमचं होतं."

"अगं वेडे, खरी निघाली गं ती," त्या हुंदके देत म्हणाल्या. "खरंच भावंडं आहेत."

मग पदरानं डोळे पुसले, चष्मा चढवला आणि लेखातल्या ताऱ्यांच्या यादीवर बोट टेकवलं. "आणि हे बघ, दोन जास्त आहेत यांच्याकडे. बस इथे. हे दोन मला कसे सापडले नाहीत?"