भोक पडलेला टोप आणि मी

मित्रांनो, बूट ठोकून ठोकून जिचं तोंड चपटं झालं, ती जुनी हातोडी मी. आधीच कबूल करते, भिंतीवरच्या एका लोखंडी टोपावर मी आयुष्यभर जळले.

युद्ध सुरू झालं तेव्हा माझे मालक मला पिशवीत घालून पलटणीत गेले. त्यांनी बंदूक कधी चालवली नाही. गळक्या तंबूत बसून आम्ही सैनिकांचे बूट दुरुस्त करायचो, दिवसाला तीस-तीस जोड. "तुझ्यामुळे पाय शाबूत राहिले रे बाबा," असं सैनिक म्हणत आणि मी फुशारून जाई.

घरी परतल्यावर गल्लीतल्या लोकांनी विचारलं, "किती जणांना उडवलंत?"

"मी बूट शिवत होतो," मालक म्हणाले. सगळ्यांचे चेहरे उतरले.

पुढच्याच आठवड्यात मालकांनी भंगारातून सैनिकाचा एक गंजका टोप आणला. त्यावर मोठा खिळा धरला आणि माझेच घाव घालून भोक पाडलं. टोप दुकानात टांगला गेला. "गोळी इथून शिरली अन् केसांना चाटून गेली!" मालक सांगू लागले. दरवर्षी त्या गोष्टीत भर पडत गेली. आधी नदी आली, मग पूल आला. लोक त्यांना 'कॅप्टन' म्हणू लागले. मालकीणबाई टोपाला तेल लावून पुसायच्या, नातवंडं तो डोक्यावर घ्यायला भांडायची. राबायचं मी आणि मिरवायचं त्याने!

एका दुपारी एक वयस्कर नर्सबाई दुकानात आल्या.

"माझा भाऊ तुमच्या पलटणीत होता. परत आला नाही. सगळे त्याला लंब्या म्हणायचे."

मालकांची नजर टोपाकडे गेली. झालं, आता पुन्हा नदी आणि पूल, असं मला वाटलं. पण त्यांनी मला उचललं.

"चेहरा नीटसा आठवत नाही, ताई. पण त्याच्या डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजायची. तीनदा बसवली मी, ह्याच हातोडीने."

बाई स्टूल ओढून बसल्या. "लहानपणी पाय मोडला होता त्याचा. तेव्हापासून तो पाय फेकत चालायचा."

त्यांनी मला हातात घेतलं, कुरवाळलं. टोपाकडे पाहिलंसुद्धा नाही! मी मनातल्या मनात त्याला वाकुल्या दाखवल्या.

मग त्यांनी हळूच विचारलं, "शेवटचे बूट न्यायला आला, तेव्हा कसा होता?"

मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हसत होता. म्हणाला, हेच घालून ताईला भेटायला जाणार."

बाई रडल्या, हसल्याही, आणि डोळे पुसत गेल्या.

मित्रांनो, लंब्या ते बूट न्यायला आलाच नव्हता. आठ दिवस ते तंबूत पडून राहिले. मग दुसऱ्या कुणाच्या तरी पायात गेले.

टोप अजून भिंतीवर आहे. मुलं आली की मालक गोळीची गोष्ट सांगतात आणि माझा अजूनही तिळपापड होतो. पण टोपाला खोटारडा म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही.

युद्धाची गोष्ट ऐकाल तेव्हा सांगणाऱ्याला एवढं जरूर विचारा, "तिथे तुम्ही दिवसभर काय करायचात?" उत्तर साधंसुधं आलं तरी हिरमुसू नका. आणि बोलता बोलता तो मध्येच थांबला, तर उठून जाऊ नका. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.